ड्रॅक्युलाचा कारकून

भयपटांच्या भक्तांत दोन पंथ आहेत. पहिला बेला लुगोसी आणि बोरिस कार्लॉफ यांना उदबत्ती ओवाळणारा. दुसरा नामावलीत बोट खाली खाली नेत ड्वाइट फ्रायपाशी थांबणारा. आमचा पंथ दुसरा. कारकुनाला कारकून बरोब्बर ओळखू येतो!

१९३१चा 'ड्रॅक्युला' घ्या. फ्रायचा रेनफील्ड वाड्यावर जातो तो भाडेपट्ट्याचे कागद घेऊन. त्याचं रक्त प्रथम निघतं तेही कागदाच्या क्लिपने! संवादांत फ्राय जरा नाटकी होतो, कबूल. पण जहाजाच्या तळातून वर बघत तो जे खिदळतो, त्याने अंगावर काटा येतो. लुगोसीचा नुसता रुबाब. भूत खरं दिसतं ते झपाटलेल्याच्या डोळ्यांत.

त्याच वर्षीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो कुबडा फ्रिट्झ. चांगल्या मेंदूची बरणी फोडून हा गुपचूप वाईट मेंदू नेतो, म्हणून तर पुढचं रामायण! तरी लोक त्याला 'इगोर' म्हणतात. ते पात्र १९३९च्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधलं, आणि ते केलं कोणी? लुगोसीने! म्हणजे जमा पुन्हा साहेबांच्याच खाती.

पुढे फ्रायच्या वाट्याला बहुतेक वेडे आणि विक्षिप्तच आले. १९४३ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो हृदयविकाराने बसमध्ये कोसळला. तेव्हा तो विमान कारखान्यात रात्रपाळी करीत होता. मृत्यूच्या दाखल्यावर धंदा लागला तो हत्यारांचे आराखडे करण्याचा. 'नट' हा शब्दच नाही!

ही चुकीची नोंद दुरुस्त करणं, एवढंच आम्हा भक्तांचं काम.