अल्पशा आजाराने

मृत्युलेख हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे कोणी फारसा मनावर घेत नाही. कथा, कादंबरी, कविता यांचा वर्षभराचा झाडा टीकाकार नेमाने घेतात. परंतु सकाळच्या चहाबरोबर घरोघर वाचले जाणारे हे गद्य त्यांच्या हिशेबी वाङ्मयात जमाच होत नाही. त्याच्याच एका शाखेविषयी मला येथे लिहावयाचे आहे. सत्तेवरून उतरलेला, वयाने थकलेला राजकारणी माणूस मराठी लेखणीला कसा दिसतो, किंबहुना दिसतो की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

तो मला घातला आमच्या मनीषनगरातल्या एका वृद्ध गृहस्थांनी. एके काळी ते जिल्हा परिषदेत सभापती होते. येथे रेल्वेचे फाटक होते तेव्हा त्यांची जीप थांबलेली दिसली की रांगेतली माणसे उतरून नमस्कार करीत. मी त्यांना ओळखू लागलो तो काळ निराळा. पक्षाघाताने डावी बाजू गेलेली, बोलणे मात्र शाबूत. संध्याकाळी शाळेतून येताना मी त्यांच्याकडे अर्धा तास बसे आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. एकदा कोणा माजी आमदाराच्या निधनाची बातमी वाचता वाचता मी ‘अल्पशा आजाराने’ या शब्दांपाशी आलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“गुरुजी, हा अल्पसा आजार किती दिवसाचा असते?”

मी काहीतरी उत्तर दिले.

“या मानसाले मी पाह्यलं आहे. तीन वर्ष खाटेवर होता. मी चार वर्षापासून पडून आहो. माह्यासाठी असं लिहू नका.”

त्या रात्री मी मनातल्या मनात माझेच लेखन तपासले. आमच्या शाळेत श्रद्धांजलीचा फळा लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. २५ जुलै २०१५ रोजी रा. सू. गवई नागपुरात गेले. २ जानेवारी २०१६ रोजी ए. बी. बर्धन दिल्लीत गेले. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी जांबुवंतराव धोटे यवतमाळात गेले. एक रिपब्लिकन नेते आणि माजी राज्यपाल. दुसरे कामगार चळवळीतून आलेले आणि १९९६ पासून २०१२ पर्यंत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस राहिलेले. तिसरे विधानसभा आणि रस्ता दोन्ही गाजवणारे विदर्भवादी. तिघांचे राजकारण एकमेकांशी कोठेही जुळणारे नव्हते. तरीही फळ्यावरचे माझे वाक्य तिन्ही वेळा एकच होते: प्राणज्योत मालवली, कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली. नाव पुसावयाचे आणि नवे नाव लिहावयाचे. जे वाक्य कोणालाही चालते ते कोणाविषयीच काही सांगत नाही, हे मी निबंधाच्या तासाला मुलांना शिकवतो.

दोष एकट्या बातमीदाराचा नाही. त्याला वेळ थोडा, जागा थोडी. परंतु ज्यांना जागेची अडचण नव्हती त्या चरित्रग्रंथांत, गौरवग्रंथांत आणि आत्मचरित्रांत तरी दुसरे काय आहे? बालपण, तुरुंगवास, पहिली निवडणूक, मंत्रिपद यांवर प्रकरणांमागून प्रकरणे. आणि सत्ता गेल्यानंतरची दहा-पंधरा वर्षे बहुधा एका परिच्छेदात आवरलेली. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाले. मराठी राजकीय आत्मचरित्रांत त्याची योग्यता मोठी आहे. पण ते १९४६ पाशी थांबते. त्या वेळी यशवंतराव अवघे तेहेतीस वर्षांचे होते. वेणूताई १ जून १९८३ रोजी गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतराव गेले. मधल्या सुमारे अठरा महिन्यांत, एके काळी संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती सांभाळलेला हा रसिक माणूस रिकाम्या घरात कसा राहिला असेल? हा प्रश्न गावगप्पांचा नव्हे, वाङ्मयाचा आहे. पुढचे भाग लिहिण्यास त्यांना आयुष्य उरले नाही, म्हणून दोष त्यांना देता येत नाही. परंतु त्यांच्यावर इतरांनी जे विपुल लिहिले, त्यातही या अठरा महिन्यांच्या वाट्याला हळहळीपलीकडे फारसे आलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की मराठी माणसाला मरणाविषयी लिहिण्याचा संकोच आहे. मला तसे वाटत नाही. मरण लिहिणे आपल्याला उत्तम जमते. आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून लिहिलेले मृत्युलेख आजही आवडीने वाचले जातात. ज्या मरणात निश्चय आहे त्याच्याविषयी तर आपण भरभरून लिहितो. सावरकरांनी ‘आत्महत्या नव्हे, आत्मार्पण’ हा लेख लिहिला आणि पुढे १९६६ च्या फेब्रुवारीत अन्न-औषध सोडून, २६ तारखेला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी देह ठेवला. विनोबा राजकारणी नव्हते. पण १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनीही अन्न, पाणी, औषध नाकारले आणि १५ तारखेला ते गेले. या दोन्ही मरणांवर पुष्कळ लिहिले गेले. कारण तेथे नायक शेवटपर्यंत नायकच राहतो. तो मरणाच्या हाती पडत नाही, मरणच त्याच्या आज्ञेने येते.

दूरदेशीचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. नेदरलंड्सचे माजी पंतप्रधान द्रीस फान आख्त आणि त्यांच्या पत्नी ५ फेब्रुवारी २०२४ रोजी नायमेखन येथे हातात हात घेऊन गेले. दोघेही त्र्याण्णव वर्षांचे होते. त्या देशात अशा मरणाला २००२ पासून कायद्याची मोकळीक आहे, आणि त्यांनी ते वैद्यकीय साहाय्याने स्वीकारले होते. ते कायद्याने वा नीतीने योग्य की अयोग्य हा वाद मी येथे घेत नाही. माझे लक्ष आहे ते त्या मृत्यूच्या निवेदनाकडे. २०१९ साली भाषण करीत असताना त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यातून ते पुरते सावरले नाहीत, हे तेथे सरळ सांगितले गेले. ‘अल्पशा’ असा आडपडदा नव्हता. तरीसुद्धा जगभर पसरले ते चित्र हातात घेतलेल्या हातांचेच. मधली पाच वर्षे तेथेही एका ओळीतच मावली. म्हणजे रोग केवळ मराठीचा नाही. मरणाला रंगमंच असतो, म्हातारपणाला नसतो. म्हातारपणात पडदा पडत नाही, प्रवेश बदलत नाही, आणि नायकाला पाणी पाजावे लागते.

मराठीत हे कोणीच लिहिले नाही असे मात्र नाही. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले तेव्हा वयाने वृद्ध नव्हते, साठीही उलटली नव्हती. परंतु त्यांच्या दुखण्याचे दिवस आणि रात्री रमाबाईंनी ज्या शांतपणे सांगितल्या आहेत, तो शांतपणा पुढल्या शंभर वर्षांच्या जाड्या चरित्रांत क्वचितच आढळतो. दुसरे पुस्तक डॉ. सविता आंबेडकर यांचे, ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’, १९९० चे. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर संशय घेतला गेला. त्याला उत्तर देण्याची निकड त्या लेखनामागे आहे, आणि काही ठिकाणी ती वाचकाला जाणवते. पण पत्नी आणि डॉक्टर या दोन्ही नात्यांनी त्यांनी त्या थकलेल्या शरीराची जी हकीकत दिली, ती दुसऱ्या कोणाला देता आली नसती. ही दोन्ही पुस्तके शुश्रूषा करणाऱ्या हातांनी लिहिली आहेत, हा योगायोग नव्हे. नेत्याचे भाषण हजारो ऐकतात. त्याची रात्र एकदोघांनाच ठाऊक असते. आपले चरित्रकार त्या हजारांना विचारतात, त्या एकदोघांना विचारीत नाहीत.

आता मुख्य आक्षेप. मोठ्या माणसाचे दुबळेपण चव्हाट्यावर आणून काय साधणार? त्याने त्याची प्रतिष्ठा उणावत नाही काय? नागपुरात राहणाऱ्याला या आक्षेपाचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. १९५१ साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली आमच्याच विदर्भात, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत, ते पराभूत झाले. मधुमेह होता, पायांचे दुखणे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते नागपुरात उभे राहिले ते हातात काठी घेऊन आणि माणसांचा आधार घेऊन. त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी ते गेले. हे दुखणे ठाऊक झाल्याने दीक्षाभूमीवरचा तो दिवस लहान होतो काय? मला तर तो दुणावलेला दिसतो. निरोगी माणसाने केलेली कृती आणि त्या शरीराने केलेली कृती एकच नव्हे. दुखणे झाकणारा चरित्रकार नायकाची लाज राखतो असे त्याला वाटते. वास्तविक तो त्याचा पराक्रम झाकत असतो.

बापूजी अण्यांचेही तसेच. १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षात, ते नागपूरहून लोकसभेवर निवडून गेले; २६ जानेवारी १९६८ रोजी वारले. टिळकांवरील त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत काव्याला त्यांच्या पश्चात, १९७३ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उतारवयातही संसदेचे काम पाहणारा आणि आपल्या गुरूचे यश श्लोकबद्ध करणारा हा माणूस कादंबरीचा विषय नव्हे काय? पण त्या वयाला हात घालावयाचा तर थकवाही लिहावा लागेल, आणि तेथेच आमची लेखणी अडते.

मर्यादा अर्थातच आहे. रुग्णालयाच्या दाराशी कॅमेरे लावून बसणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. कॅमेऱ्याला माणूस केव्हा जातो याची घाई असते. लेखकाला तो कसा राहिला याची जिज्ञासा असावी. अधिकारावर असलेल्या मंत्र्याचे दुखणे लपवणे हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. माजी माणसाच्या दुखण्यावर तसा कोणाचा हक्क नाही, ते त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीनेच लिहावयास हवे. परंतु फोन वाजायचा कोणत्या दिवसापासून थांबला, दिवाळीला कोण आले आणि कोणाचे येणे बंद झाले, जुन्या विरोधकाने येऊन पायाशी किती वेळ बसून घेतले, याला रोगाचे नावही लागत नाही. एवढे लिहिले तरी सत्तेविषयी आपल्याला जे कळेल ते दहा राजकीय कादंबऱ्यांतून कळणार नाही. त्यांत माझीही एक आहे. तिच्यातल्या जुन्या आमदाराला मी ‘प्रदीर्घ आजारानंतर’ असे म्हणून एका वाक्यात मारले आहे. पुढचे प्रकरण त्याच्या मुलाच्या निवडणुकीचे होते, मला घाई होती.

आमचे सभापती गेल्या श्रावणात गेले. त्यांच्या मुलाने वर्तमानपत्रात द्यावयाचा मजकूर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “गुरुजी, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं पाहून द्या.” दुसऱ्याच ओळीत ‘अल्पशा आजाराने’ होते. सूनबाई दाराशी उभ्या होत्या. चार वर्षे त्यांना पुसणे, कुशीवर वळवणे, भरवणे त्यांनीच केले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कागदाकडे पाहिले. घर माणसांनी भरलेले होते, आणि मजकूर त्यांच्या मुलाचा होता. ‘दुःखद’ मधला विसर्ग राहिला होता, तेवढा घातला आणि कागद परत दिला.