शीव नसलेला राखणदार

वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात संध्याकाळी तळ्याकडे तोंड करून बसले की, अंधार आधी पाण्यावर उतरतो आणि मग माडांवर चढतो. लहानपणी या वेळेला आजी हाक मारायची. तिन्हीसांजेनंतर वाट देवाची असते, माणसाची नव्हे, असे तिचे म्हणणे. रात्री गावाची राखण करणारा फिरायला निघतो, त्याच्या आड येऊ नये. तो कोण, कसा दिसतो, पूर्वी कोण होता, हे आम्ही विचारले की ती एवढेच सांगे, "तो आमचो राखणदार." तिच्या लेखी तेवढी माहिती पुरेशी होती.

या लेखाचा विषय वरवर पाहता याहून फार दूरचा आहे. २०१६च्या मार्चमध्ये आलेल्या 'डेअरडेव्हिल' या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला चौथा भाग, 'पेनी अँड डाइम'. भाच्याच्या आग्रहाखातर मी तो पाहिला, नंतर स्वतःहून दोनदा पाहिला. कायदा हातात घेणाऱ्या दुय्यम पात्रांना पूर्वकथा दिली की काय होते, हा प्रश्न मला त्या भागाने घातला. त्याचे उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा दशावताराच्या रंगमंचाकडे आणि आजीच्या राखणदाराकडे येत राहिलो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅट मर्डॉक हा आंधळा वकील दिवसा कोर्टात आणि रात्री मुखवटा घालून न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या वस्तीत गुंडांशी लढतो. तो कोणाला जिवे मारत नाही. दुसऱ्या पर्वात त्याच्यासमोर फ्रँक कासल येतो, चित्रकथांतला 'पनिशर'. हे पात्र १९७४मध्ये 'स्पायडरमॅन'च्या अंकात दुसऱ्याच्या गोष्टीतला मारेकरी म्हणून अवतरले आणि पुढे स्वतःच्या गोष्टीचे धनी झाले. फ्रँक गुंडांना पकडत नाही, सरळ मारतो. पहिले तीन भाग तो आपल्याला जवळजवळ यंत्रासारखा दिसतो. चौथ्या भागात तो आयरिश टोळीच्या तावडीत सापडतो, त्याचे हाल होतात, डेअरडेव्हिल त्याला सोडवतो आणि दोघे रात्री कबरस्तानात येतात. तिथे रक्ताळलेला फ्रँक एका थडग्याला टेकून बसतो आणि बोलू लागतो. युद्धावरून परत आलो त्या दिवशी मुलीला शाळेत भेटायला गेलो, ती कशी धावत आली, त्या रात्री तिने आवडते पुस्तक वाचून दाखव म्हटले आणि मी दमलो होतो म्हणून उद्यावर टाकले. तो उद्या आलाच नाही.

या प्रसंगाचे बळ कशात आहे? दिग्दर्शकाने इथे मुलगी दाखवली नाही, शाळा दाखवली नाही, बाग दाखवली नाही. पूर्वदृश्याचा मोह टाळून एक माणूस बोलतो आणि दुसरा ऐकतो, एवढेच ठेवले. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे नवे वाटू नये. दशावतारात पूर्वकथा याच रीतीने येते. आख्यानातला राजा किंवा राक्षस पडद्यामागून येतो, पायपेटी आणि मृदंगावर फेर धरतो आणि मग बाकड्यापाशी थांबून स्वतःची ओळख देतो. मी कोण, कोणाचा पुत्र, कोणता वर मिळाला, कोणता अपमान झाला. लेखी संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कथानकाचा सांगाडा ठरतो आणि कोणी किती बोलायचे ते समोरचा प्रेक्षक व पहाट यांच्या अंदाजाने मंचावरच ठरते. दुय्यम पात्र करणारा नट तयारीचा असेल तर तो या ओळखीत मुख्य पात्राला खाऊन टाकतो. मी असे झालेले पाहिले आहे. लोकांनी नायकासाठी जागरण केले आणि घरी जाताना बोलले ते त्याच्या सेनापतीबद्दल.

याच्या पुढच्याच भागात मालिकेने उलटी वाट धरली. इलेक्ट्रा आणि मॅट यांची तारुण्यातली ओळख चक्क पूर्वदृश्यांनी दाखवली: मेजवान्या, गाड्या, आणि शेवटी मॅटच्या वडिलांच्या मारेकऱ्याला तिने त्याच्यापुढे आणून उभे करणे. तो माणूस हाती लागला असताना मॅट त्याला जिवे मारत नाही, हा प्रसंग चांगलाच आहे. पण बाकीचे सगळे इतके नीट समजावून दिले आहे की इलेक्ट्रा कमी झाली. सांगितलेल्या भूतकाळात ऐकणाऱ्याची कल्पना काम करते. दाखवलेल्या भूतकाळात ती हात बांधून बसते. आपल्याकडे आकेरीत चित्रित झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'चे दुसरे पर्व (२०१९) सगळेच पूर्वकथा होते. पहिल्या पर्वात आरंभीच मेलेले अण्णा नाईक तिथे जिवंत झाले आणि शेवंता घरोघरी पोचली. पहिल्या पर्वातला गूढाचा धागा मात्र त्या भूतकाळाने जवळपास गिळला. लोकांना ते आवडले, मलाही काही अंशी आवडले. पण ती कायदा हातात घेणाऱ्यांची गोष्ट नाही, म्हणून इथेच सोडतो.

आता माझ्या खऱ्या आक्षेपाकडे येतो. फ्रँकचे हाल करणारा फिन हा आयरिश टोळीचा म्होरक्या समुद्र ओलांडून का आलेला असतो? फ्रँकने त्याच्या मुलाला मारलेले असते. म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत दोन बाप समोरासमोर आहेत, दोघांचीही लेकरे गोळ्यांनी गेलेली. त्यातल्या एकाला लेखक थडग्याशी नेतो, रात्र देतो, ऐकणारा देतो. दुसऱ्याला क्रूर विनोद आणि एक भयंकर मरण. फिनला कोणी विचारत नाही की तुझ्या मुलाने तुझ्याकडे शेवटचे काय मागितले होते. पूर्वकथा ही पात्राची मालमत्ता नसते. ती लेखकाने केलेली वाटणी असते, आणि वाटणीत कोणाला काय गेले ते पाहावे लागते.

हा भाग अगदीच आंधळा नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रँकने आधीच्या भागात मारलेल्या ग्रोटो नावाच्या भुरट्या गुंडाचा अंत्यविधी याच भागात आहे. चर्चमध्ये मोजकीच माणसे आहेत, आणि पाद्री त्या कोणाच्या नसलेल्या माणसाविषयी गंभीरपणे बोलतो. कबरस्तानातल्या कथनाच्या आधी हा प्रसंग ठेवणे हा मला या भागातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. पण तोल राहत नाही. ग्रोटोविषयी दुसरे बोलतात, फ्रँक स्वतः बोलतो. आणि स्वतःच्या तोंडून आलेले दुःख ऐकले की आपण त्याच्या हातातल्या बंदुकीकडे पाहायचे विसरतो.

दशावतारात याला एक उत्तर आहे, निदान मला ते तसे दिसते. आख्यानाआधीच्या आडदशावतारात गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात आणि मग संकासुर येतो. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, त्याला लोंबणारी तांबडी जीभ. तोही मुखवट्याआडचाच माणूस. देव पुस्तकी मराठी बोलतात. संकासुर मालवणी बोलतो, गावातल्या रस्त्याच्या खड्ड्यांपासून निवडणुकीपर्यंत सगळ्यांची टर उडवतो. त्याने वेद चोरलेले असतात आणि विष्णूच्या हातून त्याचे मरण ठरलेले असते. पोरे त्याला घाबरतात आणि त्याच्याचसाठी जागी राहतात. त्याला पूर्वकथा नाही. तो का चोरतो, बालपणी त्याचे काय झाले, काही नाही. एका जुन्या नटाला मी हे विचारले तेव्हा तो रंग पुसत म्हणाला, "तेका मारूक सगळे येतत. इचारूक कोण येता?" आणि तरी संकासुर आपला वाटतो, कारण तो आपल्या भाषेत बोलतो. सहानुभूतीसाठी जखम दाखवावीच लागते असे नाही, हे आमच्या जत्रेतल्या प्रेक्षकाला ठाऊक आहे. दूरचित्रवाणीच्या लेखकांना बहुधा नाही.

मग राखणदार? तो तर सरळसरळ रात्री फिरून दंड देणारा. आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठमोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. चित्रकथांच्या दुनियेत हा नायक शोभला असता. पण राखणदाराची रचना नीट पाहिली तर फरक दिसतो. त्याला शीव असते. शिवेपलीकडे दुसऱ्याचे राज्य. त्याला वर्षाची राखण द्यावी लागते, नारळ, कोंबडा, जे ठरले असेल ते. म्हणजे तो गावाशी करारात आहे. गाऱ्हाणे घालायचे ते चारचौघांत, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. एकट्याने कानात जाऊन सांगायची सोय तिथे नाही. शंका असेल तर कौल लावायचा, आणि कळे उजवे-डावे पडतील ते मान्य करायचे. काही ठिकाणी हा राखणदार म्हणजे गाव वसवणारा कोणी मूळपुरुष, असे जुनी माणसे सांगतात, म्हणजे त्यालाही भूतकाळ असतो. परंतु त्या भूतकाळावरून त्याला अधिकार मिळाला असे कोणी म्हणत नाही. अधिकार शिवेवरून आणि गाऱ्हाण्यावरून येतो.

या मापाने पाहिले तर डेअरडेव्हिल राखणदाराच्या बराच जवळचा आहे. त्याला हेल्स किचनची शीव आहे, दिवसा तो कायद्याच्या दारात उभा असतो, आणि पाद्र्यापाशी जाऊन आपल्या कृत्यांचा हिशेब देतो. फ्रँकला शीव नाही, गाव नाही, गाऱ्हाणे नाही. त्या सगळ्याच्या जागी त्याच्याकडे एक मुलगी आहे आणि न वाचलेले पुस्तक आहे. मालिका म्हणते की हे पुरे. मला ते पुरे वाटत नाही, आणि तरीही तो प्रसंग पाहताना तिन्ही वेळा माझा घसा दाटला. समीक्षकाने हे दोन्ही कबूल करावे.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५मध्ये, सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' आला. दृष्टी मंदावलेला म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री, त्याचा मुलगा माधव, गावाच्या रानावर डोळा ठेवणारे खाणवाले, मुलाचा मृत्यू आणि मग अवतारांची सोंगे घेऊन बापाने घेतलेला सूड. दिलीप प्रभावळकरांनी ही भूमिका ज्या हलक्या हाताने उभी केली आहे ती पाहून फ्रँक कासलचीच आठवण झाली. तोच बाप, तेच लेकरू. इथेही पूर्वार्ध म्हणजे जवळजवळ पूर्वकथाच आहे, आणि तोच मला अधिक मोलाचा वाटतो. एक महत्त्वाचा भेद मात्र आहे. बाबुली जी सोंगे घेतो ती त्याने जन्मभर देवळापुढे, गावासमोर वागवलेली आहेत. सोंग त्याचे एकट्याचे नाही. फ्रँकची छातीवरची कवटी फक्त त्याची. चित्रपट हा भेद दाखवतो, पण उत्तरार्धात सूडाच्या वेगात तो तपासत नाही. अवतार घेऊन मारण्याआधी गाऱ्हाणे कोणी घातले, "व्हय" कोण म्हणाले, हा प्रश्न मला चित्रपटगृहातून बाहेर पडताना पडला. भोवतीचे लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या होत्या.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेतल्या या नायकांना एकमेकांच्या मालिकांत नेऊन शेवटी एकत्र आणले, तेव्हा केवढी नवलाई झाली. आमच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे नामांकित नट एका रात्रीपुरते एकत्र आणून 'संयुक्त दशावतार' लावतात, वर 'ट्रिकसीनयुक्त' असे फलकावर ठळक लिहितात, आणि कोणाला त्यात विशेष काही वाटत नाही.

हा विषय मला का टोचला ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. मी विशीत असताना, ज्या वाडीत तेव्हा राहत होतो (तिचे नाव इथे नको), तिथे एका पावसाळ्याआधी चोरांची अफवा उठली. आम्ही पोरांनी रात्रीची गस्त सुरू केली. हातात दांडे, बॅटऱ्या. मी त्या टोळीत दुय्यम पात्र होतो, मागे चालणारा. पाचव्या की सहाव्या रात्री पाणंदीत एक अनोळखी माणूस पिशवी घेऊन येताना दिसला. पुढच्यांनी त्याला धरले. मारताना प्रत्येकाच्या तोंडी आपापली पूर्वकथा होती: एकाच्या घरातून दागिने गेले होते, एकाचा बाप मुंबईत लुबाडला गेला होता, एकाला नोकरी मिळत नव्हती. त्या सगळ्या खऱ्या होत्या. मी मारले नाही. मी बॅटरी धरली होती.

त्या माणसाची शेवटची गाडी चुकली होती आणि तो चालत निघाला होता. त्याचे नाव मला आजही माहीत नाही. पुढच्या कोणत्या गावच्या नाटकाला तो निघाला होता एवढे कळले, आणि तेही दुसऱ्या दिवशी पोलिसपाटलांनी सांगितले म्हणून.