यंत्र ‘ठीक’ म्हणते, ते कशावरून?

भोर तालुक्यातल्या आंबवड्यात, नागेश्वराच्या देवळाजवळच्या एखाद्या घरात पेसमेकर बसवलेले आजोबा राहतात, अशी कल्पना करू. पेसमेकरच्या तपासणीसाठी त्यांना पुणे गाठावे लागते. म्हणून मुलाने तळहातात मावणारे ईसीजी यंत्र आणून दिले. दोन्ही हातांची बोटे टेकवली की अर्ध्या मिनिटात मोबाइलवर आलेख उमटतो आणि खाली शेरा येतो : ‘नॉर्मल’. आजोबा निर्धास्त होतात. आमचा आक्षेप यंत्राला नाही, या शेऱ्याला आहे.

यंत्राचे मोल आम्ही जाणतो. 1949च्या सुमारास अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी हृदयाचे विद्युतसंकेत दूर पाठवणारे यंत्र पाठीवर बांधले, तेव्हा त्याचे वजन सुमारे 38 किलो होते. आज मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले टेली-ईसीजी यंत्र हातात मावते आणि आलेख मोबाइलवरून डॉक्टरांकडे जातो. तो डॉक्टर वाचतात, हे येथे महत्त्वाचे.

पेसमेकरचा विद्युतस्पंद साधारण अर्धा मिलिसेकंदच टिकतो. आता साधे गणित करू. एखादे यंत्र सेकंदाला 300 वेळा मोजमाप घेत असेल, तर दोन मोजमापांत 1000 ÷ 300, म्हणजे सुमारे 3.3 मिलिसेकंदांचे अंतर पडते. त्या फटीतून हा स्पंद सहज निसटतो. काही यंत्रांच्या माहितीपत्रकात ‘पेसमेकर असलेल्यांसाठी नाही’ असे लिहिलेलेही असते. पण बारीक अक्षरांत. जाहिरातीत मात्र सर्वांची हृदये सारखीच!

समजा, स्पंद दिसला. तरी हृदय आकुंचन पावलेच असे नाही. तार जागची सरकली असेल तर स्पंद वाया जातो. बॅटरी किती उरली, हेही बोटे टेकवून कळत नाही. या नोंदी खुद्द पेसमेकरमध्ये असतात. त्या घरबसल्या रुग्णालयाकडे पाठवण्याची सोय असलेले पेसमेकर 2001पासून वापरात आहेत. खरी देखरेख ती. अशी सोय आपल्या पेसमेकरला आहे का, हे रुग्णाने डॉक्टरांना जरूर विचारावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका विद्यार्थ्याला डोळे मिटून दर पाच सेकंदांनी क्षणभरच उघडायला सांगा. मधल्या वेळात दुसऱ्याने विजेरी पटकन लावून विझवावी. पहिला म्हणेल, ‘विजेरी लागलीच नाही.’ तो खोटे बोलत नाही. त्याने पाहिलेच नाही. ‘दिसले नाही’ आणि ‘घडले नाही’ यांतला फरक मुलांना एवढ्यावरून कळतो.

आजोबांनी यंत्र वापरावे, पण डॉक्टरांना विचारून. पेसमेकरचे कार्ड खिशात ठेवावे आणि नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला शिकावे. घेरी आली किंवा छातीत दुखले, तर पडद्यावर काहीही लिहिलेले असो, तडक दवाखाना गाठावा.