‘नवखा नेता तयार आहे का?’ या प्रश्नाने नक्की काय मोजलं जातं?

निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हमखास फिरायला लागतो: अमुक नेता मोठ्या पदासाठी तयार आहे का? २०१९ मध्ये आदित्य ठाकरे वरळीतून उभे राहिले. बाळासाहेबांच्या घरातून निवडणूक लढवणारे ते पहिले. तेव्हा २९ वर्षांचा हा मुलगा मुख्यमंत्री होऊ शकेल का, यावर चॅनेलपासून नाक्यावरच्या टपरीपर्यंत सगळीकडे चर्चा होती. अमेरिकेत हाच प्रश्न राष्ट्राध्यक्षपदाबद्दल विचारतात. आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, म्हणून आपली ही चर्चा मुख्यमंत्रिपदाभोवती होते.

पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात लोकमतावरचा एखादा विषय असतो. त्यांच्यासाठी आजची पोस्ट. माझं म्हणणं एवढंच: ‘तयार आहे’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी नेत्याबद्दल फार थोडं सांगते, उत्तर देणाऱ्याबद्दल बरंच सांगते. तशी वाचली तर ती कामाची आहे, नाहीतर दिशाभूल करणारी.

‘नवखा’ म्हणजे कोण?

आधी व्याख्या. महाराष्ट्रातले चार मुख्यमंत्री घ्या.

शरद पवार १९७८ मध्ये ३८व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. वयाने लहान, पण १९६७ पासून आमदार आणि मंत्रिपदाचा अनुभव गाठीशी. पृथ्वीराज चव्हाण २०१० मध्ये दिल्लीहून आले. केंद्रात मंत्री होते, पण राज्याच्या विधिमंडळात नवे. देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये ४४व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. नागपूरचे महापौर आणि १९९९ पासून आमदार, पण त्याआधी एकदाही मंत्री नाहीत. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा पक्ष चालवण्याचा अनुभव भरपूर, पण स्वतः एकही निवडणूक लढवलेली नव्हती. सहा महिन्यांच्या मुदतीत, मे २०२० मध्ये, ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले.

चौघेही कुठल्या ना कुठल्या अर्थाने नवखे, पण प्रत्येकाचं नवखेपण वेगळं: वयाचं, राज्याचं, मंत्रालयाचं, निवडणुकीचं. प्रश्नावलीत नुसतं ‘नवखा’ लिहिलंत, तर दहा जण दहा गोष्टी डोक्यात ठेवून उत्तर देतील आणि तुम्ही त्या सगळ्यांची एकच सरासरी काढाल. संशोधनाच्या भाषेत, इथे वैधतेचा घोळ आहे. सॅम्पल दुप्पट केलं तरी तो सुटत नाही.

उत्तर येतं, पण कोणत्या प्रश्नाचं?

लॅबमध्ये पीएच मीटर वापरण्याआधी आपण ते माहीत असलेल्या बफरमध्ये बुडवून तपासतो. या प्रश्नासाठी तसा बफर म्हणजे २०१६ ची अमेरिकेतली निवडणूक. डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याआधी कोणतंही सरकारी पद भूषवलं नव्हतं. मतदानाच्या दिवशीच्या एक्झिट पोलमध्ये ते पदासाठी पात्र आहेत असं म्हणणारे होते सुमारे ३८ टक्के. हिलरी क्लिंटन यांच्याबद्दल हाच आकडा ५२ च्या आसपास. निवडून आले ट्रम्प. (एकूण मतं क्लिंटन यांना जास्त पडली, पण ती पात्रतेच्या आकड्यांतल्या फरकाच्या जवळपासही नव्हती.)

खरी गंमत पुढे आहे. ‘पात्र नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकीही साधारण सहातल्या एकाने मत ट्रम्प यांनाच दिलं. हे लोक खोटं बोलत होते असं नाही. मत देताना माणूस तुलना करतो: हा की ती, हा पक्ष की तो. ‘पात्र आहे का?’ या प्रश्नात ती तुलनाच नसते. म्हणून या उत्तरावरून निकालाचा अंदाज बांधणं चूक. आणि ‘पात्र आहेत’ म्हणणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यांनी त्यांनाच मत दिलं होतं. म्हणजे बऱ्याच जणांच्या बाबतीत आधी बाजू ठरते, मग पात्रता दिसायला लागते, अशी दाट शंका घ्यायला जागा आहे.

शब्दच कल ठरवतात

गॅलपने १९३७ मध्ये अमेरिकनांना विचारलं होतं, बाकी सगळ्या बाबतीत पात्र असेल तर स्त्री उमेदवाराला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्याल का? साधारण एक तृतीयांश लोक ‘हो’ म्हणाले. पण ‘बाकी सगळ्या बाबतीत’ हे शब्द बघा. स्त्री असणं ही कमतरता आहे, हे प्रश्नानेच गृहीत धरलंय.

आपण यातून सुटलोय असं समजू नका. महाराष्ट्रात आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. अशा राज्यात ‘ती तयार आहे का?’ विचारलं, तर उत्तरात तयारी किती आणि सवय किती, हे वेगळं कसं काढणार? ‘अनुभव नाही’ हे वाक्य पुष्कळदा ‘आपल्यातला नाही’ याचं सभ्य रूप असतं. मराठीत तर ‘तरुण’, ‘नवखा’, ‘अननुभवी’ आणि ‘कालचा पोरगा’ हे चारही शब्द एकाच माणसाला लावता येतात. तुम्ही कोणता निवडता, त्यावर तुमचा आकडा हलतो.

विचारलं कोणाला?

सकाळी साडेआठला जुईनगर स्टेशनवर फॉर्म घेऊन उभे राहिलात, तर दोन तासांत शंभर उत्तरं मिळतील. पण ती वाशी-सीएसएमटीकडे किंवा ठाण्याकडे नोकरीला जाणाऱ्यांची असतील. रात्रपाळी करून एपीएमसीतून परतलेला माथाडी, बाइकवरून एमआयडीसीत जाणारा कामगार, घरी असलेली बाई, हे त्यात नाहीत. मोबाइलवरच्या पोलचंही तेच, फक्त तिथे कोण सुटलं ते कळतही नाही.

शास्त्रशुद्ध निवडलेल्या १,००० जणांच्या नमुन्यात चूक साधारण ३ टक्क्यांची. त्यातल्या फक्त १०० तरुणांवर बोलायला गेलात तर तीच १० टक्क्यांपर्यंत जाते. ‘तरुणांचा कौल’ अशा बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा.

मग नंतर तरी कळतं का?

थोडंफार. जुलै २०२१ मध्ये ‘प्रश्नम’ या संस्थेच्या १३ राज्यांतल्या सर्वेक्षणात उद्धव ठाकरे सर्वांत लोकप्रिय मुख्यमंत्री ठरले. जून २०२२ मध्ये त्यांचं सरकार पडलं, तेही त्यांच्याच पक्षातल्या बंडामुळे. लोकांनी कोविडकाळात टीव्हीवर आणि फेसबुक लाइव्हमध्ये जे पाहिलं, त्यावर मत दिलं. आमदार सांभाळणं हाही पदाचाच भाग, पण तो लोकांना दिसत नव्हता. मुद्दा लोकांना कळत नाही हा नाही. त्यांना जे दिसतच नाही, त्याचे मार्क आपण त्यांच्याकडून मागतो, हा आहे.

तेव्हा प्रश्नावली लिहाल तेव्हा ‘तयार आहे का’ याचे तुकडे करा: या नेत्याबद्दल काय माहीत आहे, कोणत्या कामासाठी, कोणाच्या तुलनेत. पक्षाचा कल वेगळा विचारा, तोही शेवटी. निम्म्या लोकांना ‘नवखा’ आणि निम्म्यांना ‘पहिल्यांदाच निवडून आलेला’ असं लिहून फरक बघा. फरक मोठा आला तर निराश होऊ नका. बहुतेक तोच तुमच्या प्रबंधाचा विषय असेल.