वाइनबर्ग वाचताना: सममिती लोकल की ग्लोबल?

व्यापक सापेक्षता शिकताना एक वाक्य तुमच्याही वहीत असेल: ‘सपाट अवकाशकालातली ग्लोबल सममिती वक्र अवकाशकालात लोकल होते.’ वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. त्या अर्धवटपणाने माझे दोन आठवडे खाल्ले.

झालं असं. किरणोत्सर्ग करणाऱ्या ताऱ्याजवळून प्रकाशाचा मार्ग काढायचा होता. त्यासाठी लागते वैद्य मेट्रिक. ती प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये मांडली, बनारसला वि. वा. नारळीकर (जयंत नारळीकरांचे वडील) यांच्याकडे काम करत असताना. मी प्रोग्रॅममध्ये फोटॉनची ऊर्जा स्थिर धरली, कारण श्वार्झशिल्डमध्ये ती स्थिर असते. उत्तरं काही जुळेनात. इथे ताऱ्याचं वस्तुमान काळानुसार बदलतं, म्हणजे काळ पुढे सरकवला की मेट्रिक तीच राहत नाही. मग ऊर्जा स्थिर राहील कशी?

मी शिकलो होतो स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या ‘ग्रॅव्हिटेशन अँड कॉस्मॉलॉजी’ (१९७२) मधून. पुस्तक उत्तमच आहे. चौथं प्रकरण तर जरूर वाचा. निर्देशांक कसेही बदला, समीकरणाचं रूप तेच राहिलं पाहिजे, ही मागणी एकटी पोकळ आहे, हे तिथे साफ सांगितलंय. हा आक्षेप क्रेचमान यांनी १९१७ मध्येच आइन्स्टाइन यांच्यावर घेतला होता: पुरेसं डोकं चालवलं तर कुठलाही सिद्धांत अशा रूपात लिहिता येतो.

माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. श्वार्झशिल्डच्या कक्षा येतात आठव्या प्रकरणात. तिथे गतीची समीकरणं सरळ सोडवत स्थिरांक हाती येतात. किलिंग सदिश भेटतात थेट तेराव्यात, विश्वरचनेच्या तोंडावर. मधल्या चार प्रकरणांत विद्यार्थ्याला वाटत राहतं की स्थिरांक हे आकडेमोडीचं फळ आहे. ते सममितीचं फळ आहे, हे कळेपर्यंत सवय लागलेली असते.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली, निर्देशांक निवडण्याची मोकळीक. ती नेहमीच असते आणि तिच्यातून फोटॉनच्या ऊर्जेसारखा स्थिरांक मिळत नाही. दुसरी, लोकल लॉरेंट्झ सममिती. मुक्तपणे पडणाऱ्या चौकटीत, एका बिंदूपाशी, अवकाशकाल सपाटच भासतो. तिसरी, खरी ग्लोबल सममिती, म्हणजे मेट्रिक जशीच्या तशी ठेवणारी हालचाल. हिलाच किलिंग सदिश लागतात.

चेंडू आणि बटाटा घ्या. मुंगीला दोन्ही सपाटच वाटतील. पण चेंडू कसाही फिरवा, तसाच दिसतो. बटाटा फिरवलात की लगेच कळतं. लोकल सममिती दोघांकडे आहे, ग्लोबल फक्त चेंडूकडे.

आता मोजा. चार मितींत किलिंग सदिश जास्तीत जास्त १०, आणि सपाट अवकाशकालात ते सगळे असतात. श्वार्झशिल्डमध्ये ४, फिरणाऱ्या केर कृष्णविवराभोवती २, प्रसरण पावणाऱ्या एकजिनसी विश्वात साधारणपणे ६. या सहांत काळाची सममिती नाही, म्हणूनच विश्वाच्या प्रसरणात फोटॉनची ऊर्जा घटते आणि ‘गेली कुठे?’ हा प्रश्नच नीट उभा राहत नाही. वैद्य मेट्रिकमध्ये वस्तुमान बदलत असेल तर गोलाकारपणाचे ३ उरतात. म्हणून कोनीय संवेग टिकतो, ऊर्जा टिकत नाही. माझा घोळ नेमका इथे होता.

तेव्हा वाइनबर्ग सोडू नका, फक्त क्रम बदला. सहावं प्रकरण झालं की तेराव्याचा पहिला विभाग वाचून घ्या, मग आठवं उघडा. आणि कुठलीही नवी मेट्रिक समोर आली की आकडेमोडीआधी स्वतःला विचारा: इथे किलिंग सदिश किती? हा प्रश्न मी उशिरा विचारला. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.