निम्म्यांचा बीपी ताब्यात, पण निम्मे कुणातले?

सप्टेंबर 2022 मध्ये भारताच्या एका सरकारी कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, थोडक्यात आयएचसीआय. बातमीतले आकडे घसघशीत होते: 23 राज्यं, 130 हून जास्त जिल्हे, सरकारी दवाखान्यांत उच्च रक्तदाबावर उपचार घेणारे 34 लाख लोक, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा बीपी नियंत्रणात.

या वाक्यातला ‘पैकी’ हा शब्द मला सोडवेना. आजची पोस्ट त्या ‘पैकी’वर आहे. संख्याशास्त्रवाल्या माणसाला छेद दिसला की राहवत नाही, समजून घ्या.

आधी कार्यक्रम नेमका काय ते बघू, कारण टीका करायची तर वस्तू नीट माहीत पाहिजे. नोव्हेंबर 2017 मध्ये तो सुरू झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटनेचं भारत कार्यालय आणि न्यूयॉर्कची ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था, असे भागीदार. महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे निवडले. कोल्हापूर त्यात नव्हतं. फोंडा घाट उतरलं की पलीकडचा जिल्हा होता, अलीकडचा नव्हता.

हार्ट अटॅक आणि लकवा टाळायचा तर मोठी मशिनं लागतात असा आपला एक समज असतो. इथं तसलं काही नव्हतं. रक्तदाब 140/90 च्या खाली ठेवायचा, एवढंच लक्ष्य. त्यासाठी औषधांची ठरलेली पायऱ्यापायऱ्यांची रीत: सुरुवात बहुतेक ठिकाणी अॅम्लोडिपिनने, नाही भागलं तर टेल्मिसार्टन, तरी नाही तर क्लोरथॅलिडोन. राज्यागणिक थोडा फरक, पण एका राज्यात सगळ्या दवाखान्यांत एकच रीत. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरची बदली झाली तरी गोळी बदलत नाही. मोजकीच औषधं असल्यामुळे वर्षभराला किती लागतील याचा हिशोब मांडता येतो, साठा संपत नाही. बीपी नर्सनेही मोजायचा. गोळ्या एका वेळी किमान 30 दिवसांच्या द्यायच्या. आणि प्रत्येक पेशंटची नोंद ठेवायची; महाराष्ट्रातही वापरलेल्या ‘सिंपल’ नावाच्या मोबाइल अॅपमध्ये पेशंटच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मागचे सगळे आकडे समोर येतात.

मला विचाराल तर या सगळ्यात खरी कमाल त्या नोंदीची आहे. आपल्याकडे बीपीचा पेशंट दवाखान्यातून बाहेर पडला की दवाखान्याच्या लेखी तो संपतो. कळंबा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मामा-काकांना विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘बरं वाटालंय की आता, मग गोळी कशाला खायची?’ त्यांचं तरी काय चुकतं? हा आजार दुखतच नाही. त्यामुळे कोण आला यापेक्षा कोण आला नाही हे कळणं जास्त महत्त्वाचं, आणि ते नोंदीशिवाय कळत नाही.

ही कल्पना आली कुठून, तर दोन ठिकाणांहून. म्हणून मला हा विषय आंतरराष्ट्रीय सहकार्याचं चांगलं उदाहरण वाटतो. नुसते पैसे इकडून तिकडे गेले नाहीत, पद्धतीही गेल्या.

एक ठिकाण म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियातली कायझर परमनेंटे. विमाही त्यांचा, दवाखानेही त्यांचे. त्यांनी ठरलेली औषधपद्धत आणि रजिस्टर वापरून आपल्या बीपीच्या पेशंटांमधलं नियंत्रण 2001 मधल्या साधारण 44 टक्क्यांवरून 2009 पर्यंत 80 टक्क्यांवर नेलं. दुसरं ठिकाण म्हणजे क्षयरोगाचा कार्यक्रम. कारेल स्टिब्लो नावाच्या डॉक्टरने टांझानियात तिमाही हिशोबाची पद्धत बसवली: एका तिमाहीत जेवढे पेशंट नोंदवले, त्या प्रत्येकाचं पुढे काय झालं हे लिहायचंच. बरा झाला, मेला, औषध लागू पडलं नाही, की उपचार सोडून गेला. शंभर नोंदवले तर सगळ्या रकान्यांची बेरीज शंभरच आली पाहिजे. ही पद्धत आपल्या टीबी कार्यक्रमात आली, आणि तिथून बीपीत. ‘रिझॉल्व्ह’चे प्रमुख टॉम फ्रीडन नव्वदच्या दशकात भारतात राहून टीबीवरच काम करत होते, हे इथं जुळतं.

आता छेद.

टीबीच्या हिशोबात उपचार सोडून गेलेला माणूस छेदातच राहतो. तो कार्यक्रमाचं अपयश म्हणून मोजला जातो, आणि ते योग्यच आहे. बीपीच्या तिमाही गटाचा हिशोब बऱ्याच अंशी असाच आहे. पण टीबीचा उपचार काही महिन्यांत संपतो, बीपीचा जन्मभर चालतो. मग वर्षानुवर्षं साठत गेलेल्या पेशंटांचं काय करायचं? ‘सिंपल’च्या डॅशबोर्डने उत्तर असं काढलं: जो गेल्या तीन महिन्यांत आला नाही तो छेदात राहतो आणि ‘भेट चुकली’ म्हणून टक्केवारी खाली खेचतो. हे प्रामाणिक आहे. पण जो बारा महिने फिरकलाच नाही, तो ‘उपचाराखालील’ यादीतून बाहेर. अंशात नाही, छेदातही नाही.

म्हणजे अकरा महिने न आलेला माणूस दवाखान्याचा आकडा बिघडवतो आणि तेरा महिने न आलेला सुधारतो!

हिशोब करून बघू. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा एका भागात उच्च रक्तदाबाचे 1000 लोक आहेत. त्यातल्या 400 जणांची नोंद झाली. 100 जण वर्षभर आलेच नाहीत, यादीतून गेले. उरले 300. त्यातल्या 150 जणांचा बीपी ताब्यात, 60 जणांचा नाही, 90 जणांची भेट चुकलेली. कार्यक्रम म्हणणार, नियंत्रण 50 टक्के. नोंदवलेल्या 400 वर मोजलं तर 37.5 टक्के. आणि त्या भागातल्या 1000 वर मोजलं तर 15 टक्के. लकवा होताना तो कुठल्या यादीत नाव आहे ते बघत नाही, त्यामुळे गावाच्या दृष्टीने खरा आकडा 15.

इथं कुणी लबाडी केलीय असं मी म्हणत नाही. बारा महिन्यांच्या नियमामागे कारण आहे. यादीतले काही लोक मेलेले असतात, काही गाव सोडून गेलेले, काही खासगी डॉक्टरकडे जाऊन व्यवस्थित गोळ्या घेत असतात. त्या सगळ्यांचं ओझं आरोग्य केंद्रातल्या नर्सच्या टक्केवारीवर कायमचं टाकणं अन्यायाचं होईल. रोजच्या कामासाठी तो आकडा चांगलाच आहे: आज कुणाला फोन करायचा ते कळतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हार्ट्स’ मार्गदर्शिकेत, ज्यावर हे सगळं बेतलंय, संपूर्ण लोकसंख्येतलं नियंत्रण मोजण्याचा निर्देशकही दिलेला आहे. तो ठाऊक नव्हता असं नाही. माझी तक्रार एवढीच, की दवाखान्याच्या आतल्या कामासाठी केलेला आकडा पुरस्काराच्या बातमीत देशाचा आकडा असल्यासारखा वाचला गेला, आणि तसं वाचू नका हे कुणी ठासून सांगितलं नाही.

कायझरशी तुलनाही इथंच अडते. त्यांच्या विम्याच्या सभासदांची यादी आधीपासून हातात होती. बाह्यरुग्ण, औषधविक्री, अॅडमिशन, सगळ्या नोंदी जोडून त्यांनी बीपीचे पेशंट शोधले. जो वर्षभर आला नाही तोही त्यांना माहीत होता. आपल्याकडे माणूस स्वतः चालत केंद्रात आला तर त्याची नोंद होते. दोन्हीकडच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवणं म्हणजे वर्गात बसलेल्या मुलांचा निकाल आणि गावातल्या सगळ्या मुलांचा निकाल शेजारी ठेवण्यासारखं आहे.

मग चालत येत नाही कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशभरात 15 वर्षांवरच्या 24.0 टक्के पुरुषांचा आणि 21.3 टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधावर असलेला आढळला. म्हणजे प्रमाण पुरुषांत थोडं जास्तच. पण सरकारी दवाखान्याच्या बीपी नोंदीत बायका जास्त. कारण सोपं आहे, ओपीडी सकाळी असते आणि त्या वेळी गडी कामावर. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला गेलेला कामगार गोळीसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी घालवेल का?

ऊसतोडीचं आणखी वेगळं. हंगामात बीड आणि आसपासहून टोळ्या आपल्याकडे येतात, सहा-सहा महिने फडाजवळच्या झोपड्यांत राहतात. गावी असताना नोंद झाली तर इकडे आल्यावर ‘भेट चुकली’. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करायला इथल्या केंद्रात तेच अॅप पाहिजे. आणि कोयता चालू असताना केंद्रात जाणार कोण? असा माणूस यादीतून गळतो, आणि धोका त्याचाच जास्त असण्याची शक्यता. गळती सगळ्यांत सारखी असती तर छेदाचा मुद्दा मी एवढा ताणला नसता.

उपायाची दिशा कार्यक्रमाच्याच अभ्यासात आहे. पंजाब आणि महाराष्ट्रातल्या नोंदींवरून दिसलं, की पाठपुरावा मोठ्या रुग्णालयांपेक्षा गावाजवळच्या उपकेंद्रांत, म्हणजे हेल्थ अँड वेलनेस सेंटरमध्ये, बरा होतो. गोळी घराजवळ आली की माणूस सुटत नाही. कोविडच्या काळात काही ठिकाणी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, घरपोचही केल्या. मग फडावर का नको? साखर कारखान्याकडे टोळ्यांची यादी असते. कायझरकडे होती तशीच ती तयार यादी आहे, फक्त आरोग्य खात्याच्या टेबलावर नाही.

पैशाचंही थोडं. ‘रिझॉल्व्ह’ 2017 मध्ये ब्लूमबर्ग, गेट्स आणि चॅन-झुकेरबर्ग यांच्या 22.5 कोटी डॉलरवर उभी राहिली. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली. बाहेरची मदत अशी कुणाच्या तरी मर्जीवर असते. त्यातल्या त्यात बरं, की इथं गोळ्यांची खरेदी आणि नर्सचे पगार आधीपासून सरकारी होते. बाहेरून मुख्यतः पद्धत, देखरेखीची माणसं आणि अॅप आलं. त्यातली देखरेख सगळ्यात आधी आटेल, अशी मला भीती आहे, कारण तिच्यावाचून लगेच काही अडत नाही. गोळी संपली तर ओपीडीत ओरड होते, पण न आलेल्यांची यादी कुणी काढली नाही म्हणून ओरडायला कोण येणार?

17 मे 2023 ला केंद्राने ‘75/25’ जाहीर केलं: 2025 पर्यंत बीपी आणि शुगरच्या 7.5 कोटी लोकांना प्रमाणित उपचाराखाली आणायचं. त्याचे आकडे तुमच्या वाचनात आले, तर ते कितव्या पायरीचे आहेत ते बघा: नोंद झालेले, की गेल्या तीन महिन्यांत आलेले, की बीपी ताब्यात असलेले. आणि बारा महिने न आलेले कुठे ठेवलेत, तेही.