अरण्यग्रंथ आणि माळावरचा वाचक

मराठीत अरण्यविषयक लेखनाची परंपरा आता चांगली रुजली आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर' (१९८२) ह्या कादंबरीस साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कै. मारुती चितमपल्ली ह्यांनी तर वनाधिकारी म्हणून घालविलेल्या आयुष्यातून 'रानवाटा', 'जंगलाचं देणं', 'चकवाचांदण' असे ग्रंथ दिले. ह्या वाङ्मयाने नागर वाचकास रान पाहावयास शिकविले, हे ऋण आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु नांदेड-लातूरकडील वाचक ही पुस्तके वाचून खाली ठेवतो, तेव्हा त्याच्या मनात एक प्रश्न उरतोच : ह्यांत आमचा मुलूख कोठे आहे?

हा प्रश्न भाबडा नव्हे. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या बाजूस सागाचे रान आहे व पैनगंगा अभयारण्यही तिकडेच लागते. पण लातूर हा जवळजवळ वनाविना जिल्हा आहे. येथील हरीण, मोर, रानडुक्कर राहतात ते माळावर, ओढ्याकाठी, गायरानात आणि बहुतेक वेळ कुणाच्या तरी शेतात. येथे वन्य जीव राखावयाचा तर राखणार कोण? ज्याच्या सोयाबीनवर तो उतरतो आणि जो त्याच्यापायी रात्रभर जागल करतो, तो शेतकरीच.

आमच्या अरण्यग्रंथांची उणीव नेमकी येथे आहे. 'सत्तांतरा'चे सारे लक्ष वानरांच्या टोळ्यांवर आहे, आणि त्या कलाकृतीपुरते ते योग्यच होय. चितमपल्लींच्या लेखनात गोंड व ढीवर भेटतात. त्यांच्याकडून घेतलेली पाखरांची नावे व रानाचे शब्द लेखक मोकळ्या मनाने त्यांच्या पदरी घालतो. तथापि हे गुरू ज्ञान देतात, निर्णय घेत नाहीत. कोणते रान राखावे व कोणते तोडावे, हे ठरविणारी चावडी त्या पुस्तकांत फारशी दिसत नाही.

ही उणीव केवळ वाङ्मयीन असती तर आम्ही ती इतकी ताणली नसती. परंतु धाराशिवपलीकडे सोलापूरजवळ नान्नज येथे काय झाले ते पाहावे. १९७९ साली माळढोकासाठी तेथे अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होता आणि त्यात असंख्य शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली, लोकांत असंतोष वाढला, आणि पुढे २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. पक्षी मात्र विरळ होतच गेला. ज्यांच्या माळावर पाखरू राहते त्यांस विश्वासात घेतल्यावाचून नकाशावर ओढलेली रेघ पाखरास वाचवीत नाही.

म्हणूनच मिलिंद बोकील ह्यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' ह्या पुस्तकाचे मोल आम्हांस विशेष वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गावाने ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घातली, अभ्यासगट चालविला, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला. येथे चावडी हीच नायिका आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, मेंढा हे एकजिनसी गाव आणि त्याच्या भोवती रान. आमच्या अठरापगड गावांत, खासगी शेतांत, तो धडा कसा चालावा? आक्षेप खरा आहे. मेंढ्याची रीत जशीच्या तशी मांजरेच्या खोऱ्यात आणता येणार नाही. परंतु येथील माणसे एकत्र येतच नाहीत, असेही नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी लातूरकरांनी लोकवर्गणी जमवून मांजरेच्या पात्रातील गाळ उपसला. पाण्यासाठी जो समाज एकत्र आला, तो माळासाठी, गायरानासाठी येणारच नाही, असे कोणत्या आधारावर म्हणावे? मात्र पाण्याची टंचाई घरोघर जाणवते; माळ ओसाड झाल्याची जाणीव कोणी तरी करून द्यावी लागते. ते काम लेखकाचे आहे.

मराठवाड्याचा अरण्यग्रंथ अद्याप लिहिला जावयाचा आहे. तो अभयारण्याच्या विश्रामगृहात बसून लिहिता येणार नाही. हरणाच्या डौलाइतकीच नासलेल्या पिकाची हानीही ज्यास दिसते, अशा लेखकाची तो वाट पाहत आहे. तोवर आमच्या वाचकांनी चितमपल्लींच्या शेजारी बोकिलांचे पुस्तक ठेवावे व दोन्ही मिळून वाचावीत, एवढीच आमची शिफारस आहे.